आकडा, नेम आणि ओळख : वैयक्तिक ध्येयांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावातल्या एका अभ्यासिकेत दर वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे मी वैयक्तिक ध्येयांविषयी दोन तासांचे सत्र घेतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, भुसावळहून येणारे रेल्वे कर्मचारी, केळी-कापसाचे शेतकरी आणि घर सांभाळून शिवणकाम किंवा पापड-कुरडयांचा व्यवसाय करणाऱ्या महिला असे संमिश्र श्रोते तिथे असतात. ध्येय आकड्यात न मांडता ‘मी कोणत्या प्रकारचा माणूस आहे’ या शब्दांत मांडावे आणि त्या ओळखीला साजेशी एखादी सवय लावून घ्यावी, एवढाच माझ्या बोलण्याचा गाभा असतो. त्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

ओळखीवर आधारलेले ध्येय म्हणजे नेमके काय?

‘यंदा १० किलो वजन कमी करीन’ हे आकड्याचे ध्येय झाले आणि ‘मी रोज सकाळी चालायला जाणारा माणूस आहे’ हे ओळखीचे. पहिल्या वाक्यात डिसेंबरमध्ये काय झालेले असावे हे सांगितलेले आहे, पण उद्या पहाटे काय करायचे याचा त्यात पत्ता नाही. दुसऱ्या वाक्यात डिसेंबरचा उल्लेख नाही, उद्याची पहाट मात्र नेमकी आलेली आहे.

ही कल्पना परदेशी पुस्तकांतून आली असे अनेकांना वाटते. आपल्याकडे तिच्यासाठी जुना आणि अचूक शब्द आहे, तो म्हणजे माळकरी. आमच्या गल्लीत एक माळकरी गृहस्थ राहतात. एका कार्यक्रमात वाढप्याने त्यांच्या ताटाजवळ मटणाच्या रश्श्याचे पातेले आणले, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि अहिराणीत एवढेच म्हटले, “माले चालत नही.” वाढपी काही न बोलता पुढे गेला. त्यांच्या शेजारी बसलेल्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने मटण ‘कमी केलेल्या’ माणसाला मात्र तीन जणांनी आग्रह केला, त्यांपैकी एकाने ‘एका दिवसाने काय होतंय’ असे म्हटले, आणि शेवटी त्याने वाटी पुढे केली. ‘चालत नाही’ हा प्रयोग लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. त्यात मनाई करणारा दुसरा कोणी नसतो आणि निग्रहाचा आवही नसतो; मी जो आहे त्याला ही गोष्ट बसत नाही, एवढेच त्यात सांगितलेले असते. गळ्यात माळ घातल्यावर एकादशी, हरिपाठ आणि वारी या सवयी तिच्यामागोमाग येतात. वर्षाला किती किलो मटण कमी खाल्ले, याचा हिशोब कोणताही माळकरी ठेवत नाही.

आकडा ठरवण्यात वाईट ते काय?

याचे उत्तर मी स्वतःच्या फजितीवरून देतो. काही वर्षांपूर्वी मी रोज १०,००० पावले चालण्याचा निश्चय केला आणि मोबाईलवर पावले मोजणारे ॲप घेतले. पहिले तीन आठवडे उत्साहात गेले. मग लग्नसराई आली, पाठोपाठ एप्रिलचा उन्हाळा आला, आणि रात्री साडेदहाला जेवण उरकून मी ॲप उघडले की ६,८०० असा काहीतरी आकडा दिसू लागला. उरलेली पावले भरून काढण्यासाठी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारू लागलो. एका रात्री पाय इतके दुखत होते की मी पायरीवर बसून मोबाईल हातात धरून नुसता हलवत होतो आणि आकडा वाढताना समाधानाने पाहत होतो. बायको वाळलेले कपडे काढायला वर आली, क्षणभर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही फिरताय की मोबाईलला फिरवताय?” त्या आठवड्यात मी ॲप काढून टाकले आणि त्याबरोबर चालणेही सोडले. खरे नुकसान झाले ते इथे, कारण आकडा गेला तेव्हा त्याच्यामागे उभे राहील असे माझ्याकडे काहीच नव्हते.

ज्या आकड्यासाठी मी हे केले, त्याचा उगमही नंतर समजला. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे नाव दिले. तो आकडा वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता, यंत्र विकण्यासाठी निवडलेला होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्क महिलांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पावले वाढली तसे मृत्यूचे प्रमाण कमी होत गेले, पण सुमारे ७,५०० पावलांनंतर त्या फायद्यात भर पडताना दिसली नाही. गच्चीवरच्या माझ्या फेऱ्या अशा रीतीने एका जुन्या जाहिरातीच्या कामी आल्या होत्या.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. ते आज सोप्या रूपात असे सांगितले जाते की एखादे मोजमाप हेच लक्ष्य बनले, की ते चांगले मोजमाप उरत नाही. मोबाईल हलवणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण ध्येय स्पष्ट, मोजता येईल असे आणि मुदतीचे असावे, असेच सगळीकडे शिकवले जाते. ते खोटे आहे का?

ते खोटे नाही, आणि माझ्या म्हणण्यातला हा सर्वांत नाजूक भाग असल्यामुळे त्याकडे मी डोळेझाक करू इच्छित नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके केलेल्या संशोधनातून असे दिसते की ‘जमेल तेवढे कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड लक्ष्य दिले, तर काम चांगले होते. लॅथम यांचा १९७५ मधला लाकूड वाहणाऱ्या ट्रकचा अभ्यास प्रसिद्ध आहे. चालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास माल भरत असत. त्यांना ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिल्यावर तोच भार ९० टक्क्यांच्या आसपास गेला. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक भरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सहज पटेल.

मात्र त्या चालकांना ट्रक भरता येत होता. लक्ष्य साधले की नाही हे त्याच दिवशी कळत होते आणि ते साधणे जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या हातात होते. वजन उतरवणे, इंग्रजी सुधारणे, राग आवरणे किंवा परीक्षेत यश मिळवणे यांपैकी कशालाही हे वर्णन लागू पडत नाही. काम नवखे आणि गुंतागुंतीचे असेल, तर निकालाच्या आकड्यापेक्षा शिकण्यावर लक्ष ठेवणे उपयोगी पडते, हे याच संशोधकांनी नंतर मान्य केले आहे. म्हणून कार्यालयातल्या तिमाही कामाला आकडा लावण्यास माझी हरकत नाही. माझे म्हणणे आयुष्यभर चालवायच्या गोष्टींपुरते आहे.

मी कधीच व्यायाम केलेला नाही. तरीही ‘मी व्यायाम करणारा माणूस आहे’ असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक नाही का?

नुसते म्हटले, तर फसवणूकच आहे. आरशासमोर उभे राहून वाक्ये घोकण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही.

डॅरिल बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ ते १९७२ या काळात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. आपण इतरांचा स्वभाव जसा त्यांच्या वागण्यावरून ओळखतो, तसाच बऱ्याचदा स्वतःचाही ओळखतो. मन आतून काही सांगत नसेल, तेव्हा आपण स्वतःच्याच कृतीकडे पाहून ‘मी असा दिसतो’ असे ठरवतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की ओळख आधी जाहीर करायची नसते, तिचा पुरावा थोडा थोडा जमवायचा असतो. आज पंधरा मिनिटे चाललात, हा एक पुरावा झाला. अशा चाळीस-पन्नास सकाळी साठल्या की कोणी विचारण्याआधीच तोंडून निघते, ‘मी सकाळी नसतो, चालायला जातो.’ हे वाक्य सहज निघाले त्या दिवशी ओळख पक्की झाली असे समजावे.

ओळख निवडायची कशी?

सत्रातली मुले बहुधा ‘मला अधिकारी व्हायचे आहे’ असे लिहून देतात. ती ओळख नाही, ते पद आहे, आणि ते देणे न देणे लोकसेवा आयोगाच्या हातात आहे. काहीशे जागांसाठी लाखो उमेदवार बसतात, त्या खेळात स्वतःची सगळी किंमत एका निकालपत्रावर लावलेला मुलगा तिसऱ्या अपयशानंतर कसा दिसतो, हे अभ्यासिकेत बसणाऱ्या कोणालाही विचारावे. त्याऐवजी ‘वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडता येणारा माणूस’ ही ओळख घेतली, तर रोज एक टिपण लिहिण्याची सवय तिच्यातून निघते. ती परीक्षेला उपयोगी पडते आणि परीक्षा न निघाल्यास वकिली, शिक्षकी, पत्रकारिता किंवा गावातल्या सोसायटीचा कारभार यांतही ती वाया जात नाही.

निवडताना एकच कसोटी मी सांगतो. कोणाच्याही मंजुरीवाचून, बाजारभाव काहीही असला तरी आणि पाऊस पडो न पडो, आज संध्याकाळपर्यंत त्या ओळखीला शोभेल असे एखादे काम आपल्याला करता आले पाहिजे. ते करता येत नसेल, तर आपण ओळखीच्या वेषात पुन्हा आकडा किंवा पदच निवडले आहे.

सवय किती लहान असावी?

आजारी असतानाही करता येईल इतकी.

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे खरे आहे का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या सुमाराच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याचा नियम चालण्यालाही लावला गेला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे पाहणी केली. ते काम आपोआप घडू लागण्यासाठी लागलेला कालावधी, मधोमधचा आकडा घेतला तर, ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता; यातला वरचा आकडा पाहणीवरून गणिताने काढलेला अंदाज आहे. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली आणि व्यायामाची सवय उशिरा. म्हणून दिवस मोजण्यात अर्थ नाही. ‘६६ व्या दिवशी सवय लागलीच पाहिजे’ असे म्हणणारा माणूस आकड्याच्याच दारात परत आलेला असतो.

आमच्या दिनक्रमाला ठरावीक वेळच नाही. मग सवय कशाला बांधायची?

हा प्रश्न भुसावळच्या रनिंग स्टाफमधल्या एका गृहस्थांनी विचारला होता आणि त्याच सत्रात एका शेतकऱ्यानेही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. गाडीवर असणाऱ्याची ड्युटी तर केव्हाही लागते. अशा माणसाला ‘पहाटे पाच वाजता उठा’ हा उपदेश ऐकवणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय.

सवय घड्याळाला न बांधता घटनेला बांधावी, हे त्याचे उत्तर आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी याचा बराच अभ्यास केला आहे. ‘अमुक घडले, की मी तमुक करीन’ अशा शब्दांत आधीच ठरवून ठेवलेले काम, नुसता निश्चय केलेल्या कामापेक्षा अधिक वेळा पार पडते. त्या शेतकऱ्याने ‘शेताची नोंद ठेवणारा माणूस’ ही ओळख निवडली होती. पहिल्या वर्षी वही घरी कपाटात राहिली आणि कोरी राहिली. दुसऱ्या वर्षी त्याने मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळा ठोकला, त्याला वही अडकवली आणि वहीला सुतळीने पेन बांधले. मोटार सुरू केली की पाणी वर यायला आणि ठिबकच्या नळ्या भरायला जो वेळ जातो, त्यात तो दोन ओळी लिहितो : कोणत्या बागेला पाणी, कोणते खत, पानावर काही दिसले का. वहीला ग्रीसचे डाग आहेत, पाने ओलसर होऊन फुगली आहेत आणि काही नोंदी रात्री दोनच्या आहेत. लाइट आली की वही उघडते. लाइट केव्हा येणार हे त्याच्या हातात नाही आणि त्याची आता त्याला गरजही उरलेली नाही.

रेल्वेच्या गृहस्थांनी घरी आल्यावर बूट काढणे ही घटना निवडली.

रोजच करायला हवे का? आठवड्यातून एकदा केले तर चालत नाही का?

चालते, दिवस नेमलेला असला म्हणजे झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, ती दर रविवारी. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. मध्ये एकही रविवार रिकामा गेला नाही, हे पंचांग मांडून पाहिले तरी कळते. ती अक्षरशः टिपून घेतली साने गुरुजींनी, ज्यांना खानदेश अमळनेरच्या शाळेतले शिक्षक म्हणून ओळखत होता. तुरुंगात माणसाच्या हाती फारसे काही नसते, पण रविवार असतो. एकाने बोलण्याचा नेम धरला आणि दुसऱ्याने लिहून घेण्याचा, एवढ्यावर ते काम चार महिन्यांत उभे राहिले.

एखादा दिवस चुकला तर?

लॅली यांच्या पाहणीत एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत लक्षात येण्याजोगा अडथळा आला नाही. नुकसान करतो तो चुकलेल्या दिवसानंतरचा विचार. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्या लोकांचा अभ्यास करताना हे टिपले आहे : ठरवलेली मर्यादा एकदा ओलांडली गेली की ‘आता मोडलेच आहे, तर खाऊ पोटभर’ अशा विचाराने माणूस नेहमीपेक्षा जास्त खातो. आकड्याच्या ध्येयात हा धोका अंगभूत आहे, कारण तिथे यश आणि अपयश यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते आणि ती ओलांडली की सांभाळण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

एकादशी नजरचुकीने मोडली म्हणून माळकरी द्वादशीला माळ उतरवून ठेवत नाही. तो हळहळतो आणि पुढची एकादशी धरतो. दोन दिवस लागोपाठ चुकू देऊ नयेत, एवढा नियम मी स्वतःपुरता पाळतो.

आखाजी, कानबाई, लग्ने, भरिताच्या पार्ट्या यांतून आहाराचे ध्येय टिकणार कसे?

ते टिकवायचा प्रयत्नच त्या दिवशी करू नये. थंडीत शेतावर तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना कळण्याच्या भाकरीचे उष्मांक मोजणारा माणूस स्वतःही सुखी होत नाही आणि इतरांनाही होऊ देत नाही. आखाजीला माहेरवाशिणी आल्या आहेत, खापरावरचे मांडे आणि आमरस पुढ्यात आहे. ‘मी घरचे, ताजे आणि भुकेपुरते खाणारा माणूस आहे’ ही ओळख तिथे मोडत नाही. १,८०० उष्मांकांची मर्यादा मात्र दुसऱ्या मांड्यालाच मोडते. आखाजीच्या पत्त्यांच्या डावांविषयी मला मत विचारू नये, कारण तिथे माझीही ओळख डळमळते.

मग आकड्यांना काहीच स्थान नाही का?

भरपूर आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तशर्करेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी, रक्तदाब, कर्जाच्या हप्त्याची तारीख, औषधाची मात्रा हे आकडे ओळखीच्या भरवशावर सोडून देणे हा अविचार ठरेल. डॉक्टरांनी दिलेली मर्यादा ही मर्यादाच असते. प्रश्न आहे तो आकड्याला कोणत्या कामावर ठेवायचे याचा, आणि ते कापसाच्या शेतात फार चांगले समजते.

गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक नर पतंग सापडले, तर उपाययोजनेची वेळ आली असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. हा आकडा अगदी नेमका आहे, परंतु ते शेतकऱ्याचे लक्ष्य नाही. ‘यंदा मी आठ पतंग गाठीन’ असे कोणी म्हणत नाही. तो आकडा घंटेचे काम करतो, आणि जो रोज सकाळी सापळा उघडून पाहतो त्यालाच ती ऐकू येते. एकरी १५ क्विंटलचे स्वप्न पाहणारा, पण सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस सापळ्याकडे न फिरकलेला शेतकरी आणि क्विंटलविषयी चकार शब्द न काढता रोज पतंग मोजणारा शेतकरी, या दोघांपैकी बोंड कोणाचे वाचण्याची शक्यता अधिक, हे सांगण्यासाठी कृषी पदवी लागत नाही. शिवाय क्विंटल आणि भाव यांत पावसाचा, गारपिटीचा आणि बाजाराचा हात असतो. सापळा पाहण्यात तो नसतो.

वैयक्तिक ध्येयातही आकड्याला हीच जागा द्यावी. वजन महिन्यातून एकदा करावे आणि ते चढत असेल, तर सवयीत काय बदलायचे याचा विचार करावा. रोज सकाळी काट्यावर उभे राहून त्यावर दिवसाची मनःस्थिती ठरवू नये.

मुलांना टक्क्यांऐवजी काय सांगावे?

‘९० टक्के आले तर सायकल’ असे सांगू नये, एवढे पाळले तरी पुरे. आपण स्वतः संध्याकाळी अर्धा तास वाचत बसलो, तर घराची ओळख बदलते आणि मूल त्या ओळखीत आपोआप सामील होते. मोबाईल हातात धरून मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या पालकांना या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर देण्यात मला स्वारस्य नाही.

घरातल्या स्त्रीची ओळख तर इतरांनीच ठरवलेली असते. तिने काय करावे?

एका सत्रात ‘मी … माणूस आहे’ ही रिकामी जागा भरायला सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या एक ताई म्हणाल्या, “सर, मी कोण हे मला अजून कोणी विचारलेलंच नाही.” हशा पिकला, पण त्या हसत नव्हत्या. अमक्यांची सून, तमक्यांची आई, हाताला चव असलेली बाई, अशा ओळखी त्यांना मिळालेल्या होत्या आणि त्या प्रत्येक ओळखीला जोडून सवयींचा ढीगही होता. ओळख ही गोष्ट किती बलवान असते, याचा हा उलट्या बाजूने मिळणारा पुरावा आहे. घरातली सर्वांत शेवटी जेवणारी बाई ते आकड्याचे ध्येय ठेवून करत नसते.

त्या ताई उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि बिबड्या करून विकत असत. त्यांनी विचार करून ‘आपल्या धंद्याचा हिशोब ठेवणारी बाई’ असे लिहिले. सवय अशी ठरली की संध्याकाळी गच्चीवरचा वाळलेला माल उतरवून डब्यात भरला, की डब्याच्या झाकणावरच वही ठेवून दिवसाचे पीठ, जळण आणि मजुरी लिहायची आणि मगच स्वयंपाकाला लागायचे. घरातल्यांनी पहिल्या आठवड्यात ‘आधी चहा टाक’ असे सांगून पाहिले. उन्हाळा संपताना वहीतून असे निघाले की सगळ्यात जास्त खपणाऱ्या बिबड्यांवरच त्यांना तोटा होत होता, कारण ज्वारीचे पीठ शिजवायला लागणारे जळण आणि मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी त्यांनी भावात कधी धरलीच नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी भाव वाढवला. ‘५०,००० रुपये कमवीन’ असे ध्येय त्यांनी ठेवले असते, तर त्यांनी बहुधा आणखी बिबड्या केल्या असत्या.

एखादी ओळख नंतर ओझे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. ‘मी धावणारा माणूस आहे’ असे पंधरा वर्षे म्हणत आलेल्याचा गुडघा गेला, की त्याचा व्यायामच नव्हे, तर स्वतःविषयीची कल्पनाही लंगडू लागते. निवृत्तीनंतर वर्षभर ‘साहेब’ म्हणूनच वावरणारी माणसे आपण पाहतो. ‘मी कधीच चुकत नाही’, ‘मी कोणाकडे मदत मागत नाही’ याही ओळखीच आहेत आणि त्या माणसाचा घात करतात.

यासाठी ओळख एखाद्या विशिष्ट कृतीला घट्ट न चिकटवता थोडी रुंद ठेवावी. ‘धावणारा’ याऐवजी ‘शरीर हलते ठेवणारा’ असे म्हटले, तर गुडघ्यानंतर सायकल आणि सायकलीनंतर खुर्चीत बसून करायचे व्यायाम त्यात सामावतात. वर्षातून एकदा वाक्य पुन्हा वाचावे आणि ते अंगाला घट्ट होत असेल, तर शिंप्याकडे सदरा द्यावा तसे थोडे उसवून घ्यावे.

सुरुवात केव्हा करावी?

हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की नवे वर्ष, नवा आठवडा, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेकडे आणि आहाराकडे अधिक वळतात. नव्या टप्प्यावर मागच्या चुका मागच्या माणसाच्या वाटतात, हे त्यामागचे कारण ते सांगतात. खानदेशात असा टप्पा म्हणून १ जानेवारीपेक्षा आखाजी मला अधिक योग्य वाटते. जुन्या रिवाजाप्रमाणे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते आणि नवे साल त्याच दिवशी ठरते. कोणाच्या शेतावर, कोणत्या बोलीवर वर्ष काढायचे, याची बैठक त्या दिवशी होते. स्वतःशी अशी बैठक घेण्यास तो दिवस चांगला आहे. पण आखाजीला दहा महिने असतील, तर येणारा सोमवारही चालेल.

नोंद ठेवायची तर कशी ठेवावी?

वेगळे ॲप, वेगळी डायरी किंवा रंगीत तक्ते यांची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या बायकोच्या अक्षरात लिहिलेल्या असतात. मेहरुण तलावावरून चालून आलो की मी त्या दिवसाच्या चौकोनात कोपऱ्यात एक बारीक टिंब काढतो. किती चाललो, ते लिहीत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा साडेपाचलाच निघून तलावाच्या बांधावर थोडे टेकून परत येतो, तरी टिंब तेच. मागच्या महिन्यात मी चार दिवस तापाने पडलो होतो, ते चौकोन रिकामे राहिले. पाचव्या दिवशी उठून पाहिले तर त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या ‘दीड लिटर’च्या खाली, बायकोने माझ्याऐवजी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.